आभाळाची राखण

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशने एकामागून एक येतात. या पट्ट्यातल्या माणसाला लष्कर हा शब्द परका नाही. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाला नवे नाव मिळाले. पण 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' हे पत्ते अजून तसेच चालत आले आहेत. पुढे अंबरनाथला आयुध कारखाना आहे. बदलापूरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या कित्येक घरांतली माणसे त्या भोंग्यावर उठली आणि त्याच भोंग्यावर घरी परतली.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे दिवस आठवणारी वडीलधारी मंडळी या भागात अजून भेटतात. मुंबईत आणि भोवतालच्या भागात काळोख पाळला जाई. खिडक्यांच्या काचांना जाड कागद चिकटवलेला, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, आणि घरातला कंदील पदराआड धरलेला. त्या काळोखात बसलेल्या मुलांच्या मनात एकच प्रश्न असे, आणि तोच प्रश्न आजची मुलेही मास्तरांना विचारतात. शत्रूचे बाँबफेकी विमान कुणालाही न कळता आपल्या डोक्यावर येऊ शकते काय?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. ते का, हे आज आपण सावकाश पाहू. शिक्षकांनी हवे तर खडू आणि फळा जवळ ठेवावा. थोडे गणित लागणार आहे. घाबरू नका, वर्गमूळ येणाऱ्या मुलाला जमेल एवढेच गणित आहे.

प्रथम विमान दुरून कळते कसे ते पाहू. मलंगगडाच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारा. थोड्या वेळाने तीच हाक परत ऐकू येईल. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. हाक परत यायला दोन सेकंद लागले, तर एक सेकंद जाण्याचा आणि एक येण्याचा. म्हणजे कडा ३४० मीटरवर आहे. रडार हेच करते. फक्त ते हाक मारते रेडिओच्या लहरींनी, आणि या लहरी एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतात. विमान १५० किलोमीटरवर असेल तर लहरी जाऊन परत यायला सेकंदाचा एक हजारावा भाग पुरतो. रात्र असो, ढग असोत, धुके असो, या हाकेला त्याची फारशी पर्वा नाही. १९४० साली इंग्लंडवर जर्मन विमानांच्या झुंडी येऊ लागल्या, तेव्हा किनाऱ्यावर उभारलेल्या रडारच्या मनोऱ्यांनी त्या दुरूनच हेरल्या आणि इंग्लंडची थोडीशी लढाऊ विमाने नेमक्या वेळी नेमक्या जागी पोचू शकली. तेव्हापासून आभाळाची राखण रडारकडे आली.

मग अडचण कुठे आली? अडचण आपल्या पृथ्वीची आहे. ती गोल आहे.

समुद्रावरून येणाऱ्या गलबताची आधी डोलकाठी दिसते आणि मग खालचा भाग दिसतो, हा धडा आपण सगळे शाळेत शिकलो. रडारची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. जमिनीच्या गोलाईबरोबर ती फारशी वाकत नाही. म्हणून उंचावरचे विमान तिला फार दुरून दिसते, आणि खालून येणारे विमान क्षितिजाच्या आड राहते. हे अंतर काढण्याची रीत अशी: रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा. विमानाच्या उंचीचे वर्गमूळ काढा. दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणा. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये असते.

उदाहरण करून पाहू. मुंबईच्या किनाऱ्यावर २५ मीटर उंचीवर एक रडार आहे असे समजा. २५ चे वर्गमूळ ५. विमान १०,००० मीटर उंचीवरून येत आहे. त्याचे वर्गमूळ १००. बेरीज १०५, आणि ४.१२ ने गुणल्यावर सुमारे ४३३ किलोमीटर. आता तेच विमान १०० मीटर उंचीवरून, लाटांच्या अंगानेच म्हणा ना, येऊ लागले. १०० चे वर्गमूळ १०. बेरीज फक्त १५, आणि अंतर सुमारे ६२ किलोमीटर.

आता या किलोमीटरांची मिनिटे करू, कारण राखणदाराला उपयोग मिनिटांचा असतो. विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने येते असे धरले, तर ते दर मिनिटाला १५ किलोमीटर कापते. अंबरनाथ पश्चिमेच्या समुद्रापासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर आत आहे. उंचावरून येणारे विमान दिसल्यापासून अंबरनाथवर पोचेपर्यंत सुमारे ३१ मिनिटे मिळतील. खालून येणारे विमान दिसल्यापासून मिळतील जेमतेम ७ मिनिटे. विमान दोन्ही वेळा दिसलेच, बरं का. फरक पडला तो हातात उरलेल्या वेळाचा. या सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. विमान 'न दिसता येणे' म्हणजे बहुतेक वेळा 'फार उशिरा दिसणे'.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पिकाची राखण करायला आपण माळा बांधतो. माळ्यावरून उघड्या शेतातून येणारे जनावर दुरून दिसते. पण रानडुक्कर शहाणे असते. ते ओढ्याच्या पात्रातून, झुडपांच्या आडोशाने येते आणि बांधाशी आल्यावरच कळते. बाँबफेकी विमानाचा वैमानिक हीच युक्ती करतो. जमिनीवरून येताना तो डोंगरांचाही आडोसा घेतो. बदलापुरात उभे राहिलात तर माथेरान, चंदेरी, मलंगगड यांच्या पलीकडे काय चालले आहे ते तुम्हाला दिसत नाही. तसेच रडारचेही होते.

या युक्तीचे खरे दाखले आपल्याच इतिहासात आहेत. सप्टेंबर १९६५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी पाकिस्तानातल्या बदीन येथील रडार केंद्रावर हल्ला केला. बदीन हे सिंधमधले ठिकाण. उल्हासनगरच्या वृद्ध सिंधी मंडळींच्या कानाला हे नाव ओळखीचे आहे. रडारचे काम दुरून पाहण्याचे. त्यावरच जायचे म्हणजे राखणदाराच्या माळ्यालाच हात घालायचा. ते जमले ते खालून जाण्याच्या युक्तीमुळे.

त्याच्या चार वर्षे आधीची गोव्याची हकिगत याहूनही बोलकी आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरांनी दाभोळीच्या विमानतळावर ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. गोव्यात पोर्तुगिजांकडे एकही लढाऊ विमान नव्हते, त्यामुळे आपल्या विमानांना लपण्याची गरजही पडली नाही. ही झाली एक बाजू. आता दुसरी ऐका. त्याच विमानतळावर पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमाने उभी होती. दिवस मावळल्यावर त्यांच्या लोकांनी धावपट्टीवरचे खड्डे घाईघाईने बुजवले, आणि ती दोन्ही विमाने अंधारात उडून समुद्रावरून कराचीला जाऊन पोचली. आकाशावर आणि समुद्रावर आपला ताबा होता, तरीही. रात्र, समुद्र आणि राखणदाराची लागलेली एक डुलकी एवढ्यावर मोठे विमानसुद्धा निसटते, हा धडा आपल्या शेजारीच घडलेला आहे.

मग सगळीच विमाने नेहमी खालूनच का येत नाहीत, असे तुम्ही विचाराल. कारण त्याची किंमत मोठी असते. खालची हवा दाट असते. तिच्यातून जाताना जेट विमान फार इंधन खाते आणि त्याचा पल्ला आखडतो. डोंगर, विजेच्या तारा, पक्षी यांचा धोका असतो. अंधारात तर विचारूच नका. शिवाय राखणदारही स्वस्थ बसलेला नाही. त्याने माळा उंच केला. तेच रडार माथेरानच्या पठाराएवढ्या, म्हणजे सुमारे ७८४ मीटर उंचीवर नेले, तर १०० मीटरवरून येणारे विमान ६२ ऐवजी सुमारे १५७ किलोमीटरवरून दिसू लागते. ७८४ चे वर्गमूळ २८. बाकीचा हिशेब मुलांनी करावा. आणि रडारच विमानात बसवून ९,००० मीटर उंच नेले, तर तेच खालचे विमान सुमारे ४३० किलोमीटरवरून कळते. ओढ्यातून येणारे डुक्कर झाडाच्या शेंड्यावरून दिसावे, तसे. पाठीवर मोठी तबकडी घेतलेली अशी टेहळणी विमाने भारताकडे २००९ पासून आहेत. पण त्यांतही एक खोच आहे. टेहळणी विमान चोवीस तास, वर्षभर, सगळ्या सीमांवर उडत ठेवणे कोणत्याच देशाला सोपे नाही. म्हणून १९६५ आणि १९७१ मध्ये आपल्या सीमेवर दुर्बीण आणि बिनतारी यंत्र घेतलेल्या माणसांच्या चौक्या होत्या. जिथे यंत्राचा डोळा पोचत नाही तिथे माणसाचा डोळा लागतो.

आता दुसरी युक्ती पाहू. ती आहे प्रतिध्वनी मारण्याची. कड्यावर आपटून हाक परत येते. पण कडा असा तिरपा असला की हाक भलतीकडेच जाईल, आणि त्यावर मऊ गवत असले की हाक मुरून जाईल, तर आपल्याकडे फारच थोडा आवाज परत येईल. काही नव्या बाँबफेकी विमानांचे आकार असे कोन साधून घडवलेले असतात आणि त्यांच्या अंगावर लहरी शोषणाऱ्या पदार्थांचे लेप असतात. वर्तमानपत्रे अशा विमानांना 'अदृश्य विमान' म्हणतात. हा शब्द मात्र फसवा आहे. इथेही थोडे गणित आहे. विमानाचा रडारला जाणवणारा आकार कमी झाला, तर दिसण्याचे अंतर त्याच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात कमी होते. तो आकार सोळापट कमी केला, तर अंतर निम्मे होते. दहा हजारपट कमी केला, तर अंतर एक दशांश होते. म्हणजे जे विमान ४०० किलोमीटरवरून दिसले असते, ते ४० किलोमीटरवरून दिसेल. दहा हजारपटीचा एवढा खटाटोप करूनही विमान शेवटी दिसतेच. पुन्हा प्रश्न आला मिनिटांवर.

शिवाय सगळ्या रडारांची लहर एकाच लांबीची नसते. आखूड लहरींना चकवणारा आकार लांब लहरींना तितका चकवत नाही. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियावर अमेरिकेचे असेच एक एफ-११७ जातीचे विमान जुन्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्राने पाडले. पाडणाऱ्या तुकडीकडे लांब लहरींचे जुनेच रडार होते. पण माणसे सावध होती. विमाने कोणत्या बाजूने येतात यावर त्यांनी लक्ष ठेवले होते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जून २०२५ मधले आहे. २२ तारखेला अमेरिकेच्या सात बी-२ विमानांनी हजारो किलोमीटर उडून इराणमधील अणुकेंद्रांवर बाँब टाकले आणि ती सुखरूप परत गेली. हे नुसत्या लेपाचे आणि आकाराचे काम नव्हते. त्याआधी बरेच दिवस इस्राएलच्या विमानांनी इराणची रडारे आणि क्षेपणास्त्रे मोडून काढली होती. आणि त्याच वेळी काही बाँबफेकी विमाने मुद्दाम दुसऱ्या दिशेला, पॅसिफिक महासागरावर पाठवून सगळ्यांचे लक्ष तिकडे वळवले होते. चोर घरात शिरण्याआधी कुत्र्याला भाकरी टाकतो आणि त्याचा साथीदार गावाच्या दुसऱ्या टोकाला आरडाओरडा करतो, तशातला हा प्रकार.

तिसरी युक्ती गोंगाटाची. जत्रेत आपण हाक मारली तरी ती गलबल्यात बुडून जाते. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गवर जाताना इंग्रज विमानांनी ॲल्युमिनियमच्या कागदी पट्ट्यांचे भारे हवेत सोडले. जर्मन रडारच्या पडद्यावर इतके ठिपके उमटले की त्यांत विमान कोणते आणि पट्टी कोणती हे कळेना. आज हेच काम रेडिओ लहरींचा गोंगाट करणारी यंत्रे करतात. पण लक्षात घ्या, गोंगाट सुरू झाला की राखणदाराला एवढे तरी कळतेच की कुणीतरी येत आहे.

चौथी युक्ती मात्र सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची आहे. ती म्हणजे सोंग घेण्याची. दिंडीबरोबर चोर गावात शिरला, तर त्याला कुणी अडवत नाही. सगळ्यांना तो दिसतो, ओळखत मात्र कुणीच नाही.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात आकाशातून शेकडो बंदुका आणि लाखो गोळ्या पडल्या. सकाळी गावकऱ्यांना त्या शेतांत आणि माळावर सापडल्या. त्या टाकणारे विमान सोव्हिएत बनावटीचे, अंतोनोव्ह जातीचे मालवाहू होते. ते खालून लपतछपत सीमा ओलांडून आले नव्हते, की त्याच्या अंगावर कसला लेपही नव्हता. ते कराचीहून वाराणसीला रीतसर परवानगीने आले, इंधन घेतले, कलकत्त्याकडे निघाले, वाटेत ठरल्या मार्गापासून बाजूला जाऊन माल टाकला आणि पुढे कलकत्त्याला उतरलेसुद्धा. पुढे चार दिवसांनी तेच विमान परत भारतावरून कराचीकडे जाऊ लागले, तेव्हा कुठे त्याला मुंबईच्या विमानतळावर उतरायला भाग पाडले. त्यातही मुख्य सूत्रधार समजला जाणारा माणूस विमानतळावरून निसटला. हे विमान बाँबफेकी नव्हते, हे खरे. पण ज्याने बंदुका टाकल्या, त्याला दुसरे काही टाकता आले नसते काय?

परदेशातही असे घडले आहे. २८ मे १९८७ रोजी जर्मनीचा मातियास रुस्ट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा एक लहानसे विमान घेऊन थेट मॉस्कोच्या लाल चौकाशेजारी जाऊन उतरला. सोव्हिएत रडारांनी त्याला पाहिले होते. लढाऊ विमानेही त्याच्या जवळून जाऊन आली होती. पण कुणी समजले की हे आपलेच एखादे शिकाऊ विमान असेल, आणि कुणी निर्णय दुसऱ्यावर ढकलला. त्याहून जुनी गोष्ट पर्ल हार्बरची. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी सात वाजून गेल्यावर तिथल्या रडारवर दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर विमानांचा मोठा जथा दिसला. शिपायांनी वर कळवले. वरून उत्तर आले की आपलीच विमाने येणार आहेत, काळजी नको. पन्नासेक मिनिटांनी बाँब पडू लागले. पन्नास मिनिटे हाती होती, आणि ती कुणी वापरली नाहीत.

म्हणून दिसणे, ओळखणे आणि वेळेवर ठरवणे ही तीन वेगळी कामे आहेत. यंत्र पहिले काम करते. दुसऱ्यात ते मदत करते. तिसरे माणसाचे आहे.

इथे कायद्याची एक गोष्टही समजून घ्यावी. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे त्याच्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण स्वामित्व आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर समुद्रही त्यात येतो. त्यापलीकडचे आकाश सगळ्यांचे आहे. म्हणून परक्या देशाचे बाँबफेकी विमान आपल्या सीमेच्या जवळपास बाहेरून उडून गेले, तर तो गुन्हा ठरत नाही. रशियाची मोठी बाँबफेकी विमाने अलास्काच्या बाजूने अशी वरचेवर जातात आणि अमेरिकेची लढाऊ विमाने त्यांना सोबत करायला वर येतात. अशा फेऱ्या लपण्यासाठी काढलेल्या नसतात. शेजाऱ्याच्या दारावरून जाऊन कुत्रा केव्हा भुंकतो, कुठून धावतो ते पाहायचे असते. त्यातच आता बाँबफेक्या विमानाला सीमेच्या आत येण्याची गरजही उरलेली नाही. ते शेकडो किलोमीटर दूर राहून क्षेपणास्त्र सोडते, आणि ते क्षेपणास्त्र मात्र खालून, ओढ्यातल्या डुकरासारखे येते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा धोका असेल तर जे दिसेल ते पाडून टाकावे. इथेच थांबून विचार करायला हवा. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत हवाई दलाने पाडले. २६९ माणसे गेली. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडले, २९० गेली. आणि आपल्या घरचे दुःख तर अजून ताजे आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये सीमेवर विमानांची चकमक चालू असताना बडगाममध्ये आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले. त्यात हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक नागरिक मरण पावला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ती मोठी चूक होती, असे हवाई दलाच्या प्रमुखांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले. मिनिटे थोडी असली की ओळख पटवायला वेळ राहत नाही, आणि ओळख न पटवता चाप ओढला तर आपलाच माणूस जातो. आभाळाच्या राखणदारावर असा दुहेरी भार असतो. उशीर झाला तरी जीव जातात, आणि घाई झाली तरी जीव जातात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. शांततेच्या काळात, राखणदार गाफील असताना, एकटे विमान सीमेच्या आत बरेच दूर येऊ शकते. हे घडलेले आहे. युद्धाच्या काळात, सगळी रडारे आणि चौक्या जाग्या असताना, बाँबफेकी विमानाला शेवटपर्यंत लपून राहणे फार कठीण आहे. ते लपते ते काही मिनिटांपुरते. त्याचा सारा प्रयत्न आपली मिनिटे चोरण्याचा असतो, आणि आपला सारा प्रयत्न ती मिनिटे वाढवण्याचा. डोंगरावरचे रडार, टेहळणी विमान, सीमेवरची चौकी, एकाने पाहिलेले दुसऱ्याला तत्काळ कळवणाऱ्या तारा, हे सगळे त्या मिनिटांसाठी चालते.

त्या साखळीची शेवटची कडी मात्र हवाई दलाच्या हातात नाही. ती आपल्या हातात आहे. भोंगा वाजल्यावर उरलेल्या मिनिटांचे आपण काय करतो, यावर सारे अवलंबून. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. आपल्या बाजूला मुंबई, उरण, तारापूर ही ठिकाणे तीत होती. कित्येक तरुणांनी त्या दिवशी पहिल्यांदा तो भोंगा ऐकला. वरखाली होत जाणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत असावे. आजच्या उपग्रहाच्या मदतीने नेम धरणाऱ्या बाँबला रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत, हे खरे. पण माणसाने उघड्यावरून आडोशाला जाणे, खिडकीच्या काचेपासून दूर होणे, जमिनीवर पालथे पडणे, याचे मोल १९७१ मध्ये होते तेवढेच आजही आहे.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात हे गणित करून घ्याच. मुलांना वर्गमुळाचा असा उपयोग पुस्तकात सहसा सापडत नाही. पण त्यानंतर घड्याळ हातात घ्या आणि पाहा, आपली शाळा किती मिनिटांत शांतपणे, ढकलाढकली न करता, ठरलेल्या जागी जाऊन बसते. लहान वर्गाला मोठ्या वर्गाने हात धरून न्यावे. पहिल्या खेपेला दहा मिनिटे लागतील. लागू द्या. दुसऱ्या खेपेला आठ लागतील. ती सातांच्या आत आली की समजावे, आपल्या वाट्याची राखण आपण केली. हीच सवय आगीच्या वेळी उपयोगी पडेल, कारखान्यात वायू सुटला तर उपयोगी पडेल, आणि उल्हास नदीला पूर आला तरी पडेल.